आधी उतरायला शिकवा, उडी नंतर

पत्र असं आहे:

"नमस्कार ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत पीटी शिकवते, बीपीएड होऊन चार वर्षं झाली. आमच्या शाळेच्या स्टोअररूममध्ये जुना लाकडी वॉल्टिंग बॉक्स (थरांचा, ज्यावर हात टेकवून पलीकडे उडी मारतात, तीच वॉल्ट) आणि उसळी घ्यायला एक स्प्रिंग बोर्ड सापडला. सहावी ते आठवीची मुलं बघूनच वेडी झाली, मोबाईलवर जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचे व्हिडिओ बघून आली होती. मी कॉलेजमध्ये वॉल्ट थोडाफार केलाय म्हणून सुरू केलं. दोन काथ्याच्या गाद्या आहेत. तिसऱ्या आठवड्यात सातवीतला एक मुलगा बॉक्सला पाय अडकून पुढे पडला, हात टेकवला, कोपराजवळ फ्रॅक्चर. प्लास्टर घातलंय. त्याचे वडील शाळेत येऊन खूप बोलले आणि त्यांचं चूक नव्हतं. आता हेडसर म्हणतात की 26 जानेवारीला रिंगमधून उड्या तर झाल्याच पाहिजेत, गावाला सांगून झालंय, जमलं तर रिंगला आग लावू. मला रात्री झोप येत नाही. हे सगळं बंद करू का? आणि चालू ठेवायचं तर कसं? माझं नाव छापू नका."

नमस्कार मॅडम,

पहिलं सांगते, आगीची रिंग नाही. त्यावर चर्चाच नको. हेडसरांशी कसं बोलायचं ते खाली लिहिलंय, पण तुम्ही मनात आत्ताच पक्कं करा की ते होणार नाही, म्हणजे निदान आजची रात्र तरी झोप लागेल.

दुसरं, बंद करू का असं विचारलंत. नका करू. पण जिथं होतात तिथून पुढेही जाऊ नका, मागे जा, पार मागे, जिथं बॉक्सच नाहीये तिथपर्यंत. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि त्यात धावणं आहे, उडी आहे, बॉक्स आहे, रिंग आहे, पण उतरणं कुठंच नाहीये. मुलगा "पडला" एवढंच आहे. त्याला पडायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाहीये, आपल्याकडे बहुतेक शाळांत असंच शिकवतात, मलाही लहानपणी असंच शिकवलं, धाव आणि मार उडी, खाली गादी आहे. गादी आहे म्हणजे सगळं आहे असं समजायचे सगळे.

वॉल्ट शेवटाकडून शिकवायचा असतो. आधी जमिनीवर येणं, मग हवेतलं, मग हात टेकवणं, मग बोर्ड, आणि धावणं सगळ्यात शेवटी. मुलाला धावायला आधी शिकवलं की तो वेग घेऊन येतो आणि त्या वेगाचं पुढे काय करायचं हे त्याच्या शरीराला माहीतच नसतं. उलट ज्याला उतरता येतं तो मधे काहीही चुकलं तरी पायावर येतो, नाही आला तर गोल होऊन लोळतो आणि उठतो.

तर पहिले तीन-चार आठवडे बॉक्सला हात लावू नका. वर्गातला बाक नको, तो हलतो, एखादी पक्की पायरी किंवा ओटा बघा, फूटभर उंचीचा. त्यावरून नुसतं खाली उतरायचं. पाय खांद्यांपेक्षा थोडे आत, गुडघे वाकलेले आणि पावलांच्या रेषेत, हे महत्त्वाचं आहे कारण मुलींचे विशेषतः गुडघे आत वळतात आणि तिथूनच पुढे लिगामेंटची दुखणी सुरू होतात. छाती वर, नजर समोर, हात पुढे. आधी चवडे मग टाच, आवाज कमी. मी मुलांना सांगते मांजर उतरल्यासारखं उतरायचं, मला ऐकू आलं तर परत. आणि उतरल्यावर तीन आकडे मोजेपर्यंत हलायचं नाही. मुलं सुरुवातीला कंटाळतात, तर त्याचाच खेळ करा, कोणाचा आवाज येत नाही, कोण हलत नाही, डोळे मिटून कोण उतरतं (हे फक्त फूटभरावरूनच हं). मग अर्धं वळून उतरणं, मग पाय पोटाशी घेऊन उतरणं, मग दोन फुटांवरून.

तुमच्या शाळेत लांब उडीचा खड्डा असेलच. तो वापरा. वाळू खणून चांगली हातभर भुसभुशीत करा, खडे, काचा, कुत्र्याची घाण सगळं स्वतः बघा, आणि कडेला पक्का ओटा असेल तर त्यावरून वाळूत उतरायला लावा. गावात तालीम असेल तर पडायला शिकायला खणलेल्या लाल मातीसारखी जागा नाही, वस्तादांना विनंती करा, सकाळी तासभर नक्की देतील.

आणि पडणं. हा भाग कोणी शिकवत नाही आणि तुमच्या मुलाचा हात तिथंच गेला. माणूस पडताना हात पुढे किंवा मागे ताठ टेकवतो, ते आपोआप होतं, आणि मुलांमध्ये कोपराच्या वरचं हाड मोडायचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच, ताठ हातावर पडणं. ही सवय मोडायला शेकडो वेळा पडावं लागतं. मागे पडताना हात छातीवर, हनुवटी छातीला चिकटलेली, पाठ गोल, बसत बसत लोळायचं. मागे हात टेकवायचा नाही, कधीच नाही. पुढे पडताना कोपरं वाकवून हातांनी वेग जिरवायचा आणि गोल व्हायचं. कोलांटउडी सगळ्यांना येते असं आपण धरून चालतो, पण बघा नीट, निम्मी मुलं डोक्याचा मधला भाग टेकवून मानेवरून जातात, डोक्याची मागची बाजू आणि खांदे टेकायला हवेत. ज्याला नीट कोलांटी येत नाही त्याला बॉक्स नाही, हा नियम करून टाका आणि तो स्वतःच्या लाडक्या मुलालाही लावा.

आता तुमच्या गाद्या. काथ्याची गादी ही गादी नाही मॅडम. ती घट्ट असते, वर्षानुवर्षं एका जागी दबलेली, फरशीवर टाकली की सरकते. स्पर्धेत उतरायची जी मॅट असते ती 20 सेंटीमीटर जाड असते, आणि ती सुद्धा चांगलं उतरता येणाऱ्यांसाठी. त्यामुळे काथ्याच्या दोन गाद्यांवर बॉक्सवरून उड्या बंद. त्या गाद्या कोलांट्यांना वापरा. घरच्या कापसाच्या गाद्या आणून रचू नका, खूप जण हे करतात, कापसाचे गोळे होतात आणि पाऊल तिरकं पडून घोटा मुरगळतो. दोन गाद्या शेजारी ठेवल्या तर मधल्या फटीत पाऊल जातं, म्हणून त्या बांधून वरून एक सलग जाड सतरंजी ताणून घट्ट करा. चांगली फोमची मॅट घ्यायला पैसे लागतात हे खरंय. माजी विद्यार्थ्यांना विचारा, ग्रामपंचायतीला विचारा, रिंग आणि मंडपाला जो खर्च होणार आहे तो मॅटला वळवा म्हणा. मॅट आली की बॉक्स. तोपर्यंत वाळू.

मॅट फार मऊ असली तरी घात होतो, हेही सांगून ठेवते. खूप मऊ जाड गादीत पाय रुततो आणि शरीर पुढे जातं, गुडघा पिळवटतो. नवीन उडी शिकताना मऊ, आणि रोजच्या उतरण्याला जरा घट्ट, असं दोन्ही लागतं.

बॉक्स आणि बोर्ड वापरायच्या आधी उलटे करून बघा. बॉक्सच्या वरच्या थराचं कातडं फाटलंय का, खिळे वर आलेत का, थर एकमेकात नीट बसतात का की हलतात. बोर्डच्या खालच्या स्प्रिंगा गंजलेल्या, एक बाजू बसलेली असेल तर तो बोर्ड मुलाला सरळ न फेकता तिरका फेकतो. आणि एक गोष्ट लक्षात घ्या, स्प्रिंग बोर्ड मोठ्यांच्या वजनासाठी असला तर तीस किलोच्या मुलाला तो दगडासारखा वाटतो, दबतच नाही, मग मूल अजून जोरात धावतं आणि टाचा दुखायला लागतात. त्यापेक्षा सुरुवातीला बोर्डच नको, कमी उंचीचा पक्का लाकडी ठोकळा पुरतो. मिनी ट्रॅम्पोलिन आणूया असं कोणी सुचवेल. नको. ते मुलाला इतकं वर फेकतं की त्या उंचीवर काय करायचं हे त्याला माहीत नसतं.

मैदानावर करत असाल तर सकाळचं ऊन मुलांच्या डोळ्यावर येईल अशी धाव ठेवू नका. जानेवारीत दव पडतं, मॅटचा वरचा भाग ओला आणि निसरडा असतो. मातीवर बोर्ड एका बाजूला दबतो. पाय अनवाणी, मोजे घालून कधीच नाही. पैंजण, कानातलं, गळ्यातलं, हातातले गंडेदोरे, घड्याळ सगळं काढून. शर्ट आत खोचलेला, कारण सैल शर्ट उलटून तोंडावर येतो आणि मुलाला दिसेनासं होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता स्वतःची एक गोष्ट सांगते, कारण तुम्हाला वाटत असेल की ही बाई लांबून शहाणपण सांगतेय. मी शिकवायला लागून तिसरं वर्ष होतं. मोठ्या मुलींची बॅच संपली आणि लहान मुली आल्या, मी बॉक्सचा एक थर काढला आणि बोर्ड तसाच ठेवला, मोठ्या मुलींच्या अंतरावर. नऊ वर्षांची एक मुलगी धावत आली, तिची बोटं फक्त बॉक्सच्या कडेला पोचली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. तिने रडता रडता मला विचारलं होतं, ताई माझं काय चुकलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. बोर्ड वीतभर पुढे सरकवायचा राहिला, इतकंच. त्या दिवसापासून माझ्या ट्रॅकच्या खिशात मोजपट्टी असते आणि प्रत्येक गटासाठी बोर्ड कुठं ठेवायचा ती रेघ खडूने वेगवेगळी मारलेली असते.

ऑलिम्पिकमध्ये सुद्धा हे झालंय. 2000 साली सिडनीत महिलांच्या ऑल-अराउंड फायनलला (सगळे प्रकार मिळून होते ती) वॉल्टचा घोडा, म्हणजे तिथं बॉक्सच्या जागी असतो तो, 125 सेंटीमीटरला हवा होता तो 120 ला लावला गेला. फक्त 5 सेंटीमीटर. जगातल्या सगळ्यात चांगल्या मुली एकामागून एक चुकायला लागल्या, रशियाची स्वेतलाना खोर्किना गुडघ्यांवर आली, आणि शेवटी अॅलाना स्लेटर नावाच्या ऑस्ट्रेलियन मुलीने सांगितलं की उंची बरोबर वाटत नाहीये, तेव्हा मोजलं. पुन्हा उडी मारायची संधी दिली, पण तोपर्यंत खोर्किना बार्सवरही पडली होती, मनच उडालं होतं तिचं. ज्या मुलींनी आयुष्यभर तेच केलंय त्यांना 5 सेंटीमीटरने एवढं होतं, तर आपल्या सातवीतल्या पोराचं काय होणार. म्हणून मोजा. आणि एखादं मूल म्हणालं की मॅडम आज बॉक्स वेगळा वाटतोय तर त्याला गप्प बस म्हणू नका, जाऊन मोजा.

मॅट आल्यावर बॉक्स कसा सुरू करायचा. उंची मुलाच्या कमरेच्या खालीच, बॉक्स आडवा ठेवून. आधी जमिनीवर सशाच्या उड्या, हात टेकवून दोन्ही पाय एकदम हातांच्या मागे आणायचे. मग त्याच उड्या कमी उंचीच्या पक्क्या ठोकळ्यावर. मग बॉक्सवर हात टेकवून नुसतं वर उकिडवं बसायचं, उभं राहायचं, आणि तिथून जे आता चांगलं येतंय ते उतरणं उतरायचं. हे दोन-तीन आठवडे. घाई करणारी मुलं असतातच, त्यांना उतरल्यावर न हलता तीन मोजायला लावलं की कळतं किती येतंय ते. हे पक्कं झालं की पाय हातांच्या मधून पलीकडे.

हाताचं एक सांगते. मुलं बॉक्सवर हात टेकवून रेलतात, कोपरं वाकतात, मग पाय अडकतात. तुमचा मुलगा असाच अडकला असणार. हात सरळ, बोटं पुढे, आणि ढकलायचं ते खांद्यातून, गरम तव्याला हात लागल्यावर कसा झटकन उचलतो तसं. हे बॉक्सवर शिकवूच नका, भिंतीवर शिकवा, भिंतीपासून दोन पावलं लांब उभं राहून पुढे पडायचं आणि कोपर न वाकवता खांद्यांनी स्वतःला परत ढकलायचं. मल्लखांब करणारी मुलं वर्गात असतील तर त्यांच्या खांद्यात जोर असतो, पण त्यांनाही धावून येण्याची आणि वेगाने उतरण्याची सवय नसते, तेव्हा ती पुढे आहेत म्हणून त्यांच्या पायऱ्या गाळू नका.

बोर्डवर यायचं ते एका पायावर उडून दोन्ही पाय एकत्र. मुलं चुकून एकच पाय टाकतात, तसं झालं की कंबर वळते आणि मूल बॉक्सवर तिरकं जातं. हे आधी जमिनीवर खडूने गोल काढून शिकवा. धाव तीन पावलांची, मग पाच, शाळेत सातच्या पुढे गरजच नाही. स्पर्धेत धावपट्टी 25 मीटरपर्यंत असते ती बघून मुलं मैदानाच्या टोकाला जाऊन उभी राहतात, तिथून धावू देऊ नका.

आणि तुम्ही कुठं उभं राहायचं. बॉक्सच्या पलीकडे, उतरायच्या बाजूला. पाय मधून काढायची उडी असेल तर बॉक्सला चिकटून कडेला, मुलाचा हात बॉक्सवर टेकला की एक हात त्याच्या दंडाला वरच्या बाजूला आणि दुसरा मनगटाजवळ, आणि तो जमिनीवर स्थिर होईपर्यंत सोडायचं नाही. पाय फाकवून जायची उडी असेल तर कडेला उभं राहिलात तर लाथ बसेल तुम्हाला, तिथं समोर उभं राहायचं, दोन्ही दंड धरायचे आणि तो येईल तसं एक एक पाऊल मागे घ्यायचं. पाय अडकला तर मूल डोक्यावर येतं, ते थोपवायला दंडच हातात हवेत. ही पकड आधी तुम्ही दुसऱ्या सरांबरोबर किंवा मोठ्या मुलांबरोबर जमिनीवर करून बघा. मुलांना आणि पालकांना आधीच सांगा की मी इथं इथं धरणार आहे आणि का धरणार आहे. एखाद्या मुलीला नको असेल तर तिला दुसरी कसरत द्या.

35 मिनिटांचा तास आणि 45 मुलं असतील तर तुम्ही बॉक्स सोडून इकडे तिकडे जाऊच शकत नाही, म्हणून बाकीच्यांना असं काही द्या ज्याला तुमची गरज नाही, भिंतीवर ढकलणं, सशाच्या उड्या, जमिनीवरच उडून न हलता उतरणं. ओटा, वाळू, कोलांट्या तुमच्या नजरेसमोरच. बॉक्सवर एका वेळी आठ-दहा जण. पुढचा मुलगा मॅटवरून खाली उतरून बाजूला गेल्याशिवाय आणि तुम्ही हात वर केल्याशिवाय मागचा निघणार नाही. तुम्हाला फोन आला, हेडसरांनी बोलावलं, कोणी रडायला लागलं, तर बॉक्स बंद, मुलं खाली बसतील. तुम्ही नसताना बॉक्स आणि बोर्ड कुलपात. मधल्या सुट्टीत पोरं काय करतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आणि एका मुलाच्या सहा-सात चांगल्या उड्या झाल्या की बास, पाय थकले की शेवटच्या उडीलाच मार लागतो, प्रत्येक वेळी "एक शेवटची मॅडम" असते ती.

आता मला जे सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं ते. धावत येऊन मूल बोर्डच्या आधी थांबतं. तेव्हा मुलं हसतात आणि आपण म्हणतो घाबरतोस काय, मार उडी. हे कधीही म्हणू नका. थांबणारं मूल सुरक्षित असतं. धोका असतो तो अर्ध्या मनाने मारलेल्या उडीत, पाय निघालेत पण मन थांबलंय, तेव्हाच पाय अडकतात. माझ्याकडे नियम आहे, बोर्डच्या आधी थांबलास तर शाबास, परत जा, कितीही वेळा. तीनदा थांबला तर मी समजते की मागची पायरी कच्ची आहे आणि त्याला मागे नेते, त्याच्याशी न बोलता, वर्गासमोर न सांगता. टोकियोला 2021 मध्ये सिमोन बाइल्सने वॉल्टवर अडीच गिरक्या घ्यायच्या ठरवल्या होत्या, हवेत आपण कुठं आहोत हेच तिला कळेना, दीडच गिरकी घेऊन कशीबशी उतरली आणि टीम फायनलमधून बाहेर पडली. लोक खूप बोलले तिला. तिला माहीत होतं की हवेत हरवलेला माणूस कुठं पडतो. जगातल्या सगळ्यात भारी जिम्नॅस्टला थांबायचा हक्क आहे तर सातवीतल्या मुलालाही आहे.

वाढीच्या वयाची मुलं तर जास्तच सांभाळा. सातवी-आठवीत मूल वर्षभरात दोन-तीन इंच वाढतं, हातपाय लांब होतात, काल येत असलेली उडी आज येत नाही, तो आळशीपणा नसतो. या वयात हाडांच्या टोकाशी वाढीचा भाग मऊ असतो. मनगट हात टेकवल्यावर दुखतं, टाच दुखते, गुडघ्याखालचं हाड दुखतं असं म्हणालं की बाम लावून परत उभं करू नका. विश्रांती, आणि दोन आठवड्यात गेलं नाही तर हाडांच्या डॉक्टरकडे.

काय शिकवायचं नाही हेही स्पष्ट लिहिते. डोकं खाली पाय वर होणारी कुठलीही उडी शाळेत नाही, म्हणजे हँडस्प्रिंग नाही, हवेतली कोलांटी नाही, मागे वळून बोर्डवर उडी नाही. 1988 मध्ये टोकियोला ज्युलिसा गोमेझ नावाच्या अमेरिकन मुलीचा युरचेंको वॉल्टच्या (हीच ती मागे वळून बोर्डवर यायची उडी) वॉर्म-अपला एक पाय बोर्डवरून निसटला, ती 15 वर्षांची होती, मानेपासून खाली सगळं गेलं आणि 1991 मध्ये ती वारली. त्यानंतर त्या उडीसाठी बोर्डभोवती यू आकाराची गादी सक्तीची झाली. मुलांना दीपा आवडते हे छानच आहे, मलाही ती फार आवडते, पण त्यांना पूर्ण गोष्ट सांगा. आगरताळ्याची ही मुलगी लहानपणापासून रोज शिकत होती, सपाट तळव्यांची अडचण होती, तिचे कोच बिश्वेश्वर नंदी सर तिच्यामागे वर्षानुवर्षं उभे होते, तेव्हा 2016 ला रिओ ऑलिम्पिकमध्ये प्रोदुनोव्हा आणि अजून एक उडी मारून सरासरी 15.066 गुण आणि चौथा नंबर आला, ब्राँझ 0.150 ने गेलं. प्रोदुनोव्हा ही उडी हँडस्प्रिंगवरून दोन कोलांट्यांची आहे. आणि त्या उडीचा सगळा थरार उतरण्यातच होता, इतकी खोल बसली ती खाली की श्वास अडकला होता आमचा. मुलांना तो व्हिडिओ परत दाखवा आणि फक्त पाय बघा म्हणा.

आता हेडसर. रिंगमधून उडी म्हणजे मुलगा हात पुढे करून डोक्यावर झेपावतो आणि पलीकडे कोलांटी खातो. तो अंदाज एकदा चुकला की वजन मानेवर. आग लावली की मुलं रिंग टाळायला जास्त वर आणि जास्त जोरात जातात, आणि गर्दी, ढोल, धूर, त्यात मुलाला जमीन दिसत नाही. ओळीत झोपलेल्या मुलांवरून उडी, मोटरसायकलवरून उडी, हेही त्यातच आलं. हेडसरांना एकटीने जाऊन नाही म्हणू नका, पत्र लिहा, त्यात लिहा की एका विद्यार्थ्याला आधीच फ्रॅक्चर झालंय, योग्य मॅट नाही, ही कसरत मी घेऊ शकत नाही, आणि त्याऐवजी हे देते. "त्याऐवजी" फार महत्त्वाचं आहे, कारण त्यांनी गावाला शब्द दिलाय आणि त्यांनाही मान राखायचाय. मी एका गॅदरिंगला हलगीच्या ठेक्यावर चोवीस मुलं बसवली होती, कमी उंचीच्या ओट्यांवरून, एका थापेला सगळ्यांनी उडायचं, कोणी सरळ, कोणी पाय पोटाशी घेऊन, कोणी अर्धं वळून, आणि पुढच्या थापेला सगळ्यांनी एकदम उतरून पुतळ्यासारखं थांबायचं. चोवीस जण उतरले आणि आवाज नाही. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. सोबत लेझीम घ्या. 26 जानेवारीपर्यंत हे नक्की बसतं.

काही झालंच तर. कोणी मान, पाठ दुखते म्हणालं, हातापायाला मुंग्या म्हणालं, किंवा डोक्यावर पडलं तर उचलायचं नाही, बसवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, डोकं आहे तसं दोन्ही हातांनी धरून ठेवायचं आणि 108 ला फोन. डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, उलटी झाली, तेच तेच विचारायला लागलं तर त्या दिवशी खेळ संपला आणि डॉक्टर. हात-पाय वाकडा दिसला तर ओढायचा, चोळायचा नाही, वहीचा पुठ्ठा लावून आहे तसा बांधायचा, बर्फ फडक्यात गुंडाळून, बोटं गार किंवा निळी पडतायत का बघत राहायचं आणि एक्स-रे. गावात कोणी बसवून देतो म्हणालं तरी लहान मुलाचं कोपर कोणाच्या हातात देऊ नका.

आणि तो मुलगा. तुम्ही त्याच्या घरी गेलात का ते पत्रात नाही. जा. कारणं सांगायला नको, काय चुकलं ते सांगा, गादी बरोबर नव्हती, पडायला शिकवलं नव्हतं, आता हे हे बदललंय. वडील परत बोलतील, बोलू द्या. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर हो म्हणेपर्यंत हातावर भार नाही, पण उतरताना बाकीची मुलं हलतायत का ते बघायला त्याला आत्ताच बोलवा, मोजायचं काम त्याच्याकडे द्या. डॉक्टरांनी परवानगी दिली की फूटभराच्या ओट्यापासून, बाकी वर्ग कुठंही पोचला असला तरी. आणि त्याला परत बॉक्सवर यायचंच नसेल तर तेही ठीक आहे.

बॉक्स आणि बोर्डचे फोटो पाठवा मला, बोर्डचा खालच्या बाजूचा पण. स्प्रिंगा बघून सांगते वापरायचा की भंगारात द्यायचा.